अकॅडेमिक इंग्रजीच्या शिक्षकांचे प्रशिक्षण: अभ्यासक्रम मिळून कसा आखावा

पाठ्यपुस्तकातले प्रकरण वाचून त्याचा गाभा टिपणे, व्याख्यान ऐकता ऐकता नोंदी घेणे, प्रयोगाचा अहवाल लिहिणे, परिषदेत शोधनिबंध मांडणे, प्रबंधाची प्रकरणे रचणे या कामांना जी इंग्रजी लागते तिला अकॅडेमिक इंग्रजी म्हणतात. ती बोलचालीच्या इंग्रजीहून वेगळी आहे आणि साहित्याच्या वर्गातल्या इंग्रजीहूनही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ती शिकवण्याची जबाबदारी बहुधा इंग्रजी विभागावर येते. या विभागातले बहुसंख्य अध्यापक एम.ए.ला साहित्य शिकून, नेट किंवा सेट होऊन आलेले असतात. कविता, नाटक, समीक्षा यांत त्यांची तयारी पक्की असते. पण माती परीक्षणाचा अहवाल किंवा काँक्रीटच्या ताकदीवरचा शोधनिबंध कसा बांधलेला असतो, हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. समोरच्या बाकांवर मात्र दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि अकरावीला एकदम इंग्रजीतून विज्ञानाला भिडलेली मुले बसलेली असतात. त्यांतलीच काही पुढे शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माण या शाखांत जातात आणि तिथे प्रबंध इंग्रजीतच लिहावा लागतो. या शिक्षकांसाठी प्रशिक्षण हवे, याबद्दल वाद नाही. ते कुणी आणि कसे आखायचे, याचा विचार मात्र फार कमी होतो.

प्रचलित रीत अशी की समन्वयक विषयांची यादी करतो, एकेका विषयाला एकेक रिसोर्स पर्सन बोलावतो, आणि प्रत्येक जण आपापली पीपीटी घेऊन येऊन दीड तास बोलून जातो. सोमवारी कुणी ॲब्स्ट्रॅक्ट कसा लिहावा हे सांगतो, गुरुवारी दुसराच कुणी तेच पुन्हा सांगतो, आणि विद्यार्थ्याच्या कच्च्या परिच्छेदावर शेरे कसे लिहावेत हे कुणीच सांगत नाही, कारण सबंध अभ्यासक्रम एका नजरेत पाहिलेला माणूसच नसतो. ही कामाची वाटणी झाली. मिळून केलेली आखणी नव्हे. मिळून आखणे म्हणजे काय शिकवायचे, काय सोडायचे, कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि शेवटी काय तपासायचे, हे निर्णय सर्वांनी एकत्र घेणे. पाने नंतर वाटून लिहिली तरी चालतात, निर्णय वाटून घेता येत नाहीत.

मिळून आखण्याच्या रीतीची मुळे

या क्षेत्रात भाषेचा शिक्षक आणि विषयाचा शिक्षक यांनी एकत्र येण्याची परंपरा बरीच जुनी आहे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी १९७२ मध्ये सेल्मस नावाचा गट स्थापन केला. त्याचेच पुढे १९८९ मध्ये बालीप झाले. बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स आणि टोनी डडली-एव्हान्स यांनी केलेला प्रयोग या बाबतीत आजही अभ्यासण्यासारखा आहे. वाहतूक आणि वनस्पतिजीवशास्त्र हे विषय घेतलेले परदेशी पदव्युत्तर विद्यार्थी त्यात होते. विषयाच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ध्वनिमुद्रित केले जाई, भाषेचा शिक्षक ते ऐकून त्यावर प्रश्न आणि शब्दकार्य तयार करी, आणि पुढच्या तासाला दोघेही वर्गात एकत्र उभे राहत. या प्रयोगाचा वृत्तांत १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाचा लाभ तिघांनाही झाला. विद्यार्थ्याची अडचण तिथल्या तिथे सुटे. भाषेच्या शिक्षकाला विषयाची वैचारिक मांडणी कळे. आणि आपण बोलतो ते नेमके कुठे निसटते, हे विषयाच्या प्राध्यापकाला प्रथमच दिसे.

डडली-एव्हान्स आणि मॅगी जो सेंट जॉन यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात अशा सहकार्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीत भाषेचा शिक्षक विषयाच्या विभागाकडून माहिती घेतो. दुसरीत दोघे वर्गाबाहेर एकत्र साहित्य तयार करतात. तिसरीत दोघे एकाच वर्गात शिकवतात. शिक्षक-प्रशिक्षणाच्या आखणीलाही याच पायऱ्या लागू पडतात. आपल्याकडचे बहुतेक उपक्रम पहिल्या पायरीवरच थांबतात: विज्ञान विभागाच्या प्रमुखांना फोन करून "मुलांना काय अडतं?" असे विचारले जाते, "व्याकरण कच्चं आहे" असे उत्तर येते आणि अभ्यासक्रमात काळांचे तास वाढतात. तिसरी पायरी सगळीकडे शक्य नसते, कारण दोन प्राध्यापकांचा एकच तास वेळापत्रकात आणि कार्यभारात बसवणे प्राचार्यांना अवघड जाते. दुसरी पायरी मात्र कुठल्याही महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे आणि पुढचे सगळे विवेचन ती धरूनच केले आहे.

गट आणि त्याची पहिली बैठक

आखणी करणारा गट पाच-सहा जणांचा असावा. अकॅडेमिक इंग्रजी प्रत्यक्ष शिकवलेले दोन अध्यापक, वेगवेगळ्या विद्याशाखांचे दोन विषयशिक्षक, अशा प्रशिक्षणातून आधी गेलेला एक तरुण अध्यापक, आणि शक्य असल्यास नुकताच प्रबंध सादर केलेला एक संशोधक विद्यार्थी. शेवटची दोन नावे हमखास गळतात. वास्तविक पहिल्या तासाला काय समजले नव्हते हे तरुण अध्यापकाला अजून आठवत असते, आणि गाईडने लाल शाईने काय खोडले हे विद्यार्थ्याला पाठ असते. विषयशिक्षक निवडताना विभागप्रमुखच असावेत असा आग्रह धरू नये. जे स्वतः प्रबंध तपासतात, विद्यार्थ्यांचे कच्चे खर्डे वाचतात आणि ज्यांच्याकडे महिन्यातून दोनदा दोन तास बसण्याइतका वेळ आहे, असे लोक हवेत. या कामाचे मानधन किंवा कार्यभारातली सूट लेखी ठरवून घ्यावी. इंग्रजी विभागाचे लोक आपले कर्तव्य म्हणून बसतात, पण बाहेरच्या विभागातला माणूस तिसऱ्या बैठकीपासून येईनासा होतो.

पहिल्या बैठकीत विषयांची यादी काढू नये. यादी पुढे आली की जो तो आपला आवडता विषय तीत घुसवतो आणि पुढची चर्चा ती यादी वाचवण्यातच जाते. पहिल्या बैठकीत दोनच गोष्टी ठराव्यात: हे प्रशिक्षण कोणत्या वर्गांना शिकवणाऱ्यांसाठी आहे, आणि निर्णय कसे नोंदवले जातील. पीएच.डी. कोर्सवर्कला शिकवणारा आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवणारा, यांच्या गरजा निम्म्याहून अधिक वेगळ्या असतात. दोघांना एका तुकडीत बसवले तर दोघांचेही अर्धे दिवस वाया जातात. निर्णयांसाठी एकच सामाईक दस्तऐवज ठेवावा, त्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी, आणि प्रत्येक निर्णयापुढे त्याचे कारण एका ओळीत लिहावे. सहा महिन्यांनी नवा सदस्य आला की "हे असं का ठेवलंय?" हा प्रश्न विचारतोच. कारण लिहिलेले नसेल तर तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

आधी नमुने, मग मुद्दे

टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी १९८७ मध्ये गरजांचे तीन पदर वेगळे केले: परिस्थितीची मागणी काय आहे, शिकणाऱ्यात उणीव काय आहे, आणि त्याला स्वतःला काय हवेसे वाटते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे तिन्ही पदर दुहेरी होतात, कारण इथे विद्यार्थ्यांच्या गरजा आणि शिक्षकांच्या गरजा अशा दोन्ही पाहाव्या लागतात. प्रश्नावली भरून घेतली तर तिसरा पदर कळतो, पहिले दोन कळत नाहीत. शिक्षक लिहितात, "कम्युनिकेशन स्किल्स हवीत." त्यातून काहीच हाती लागत नाही.

म्हणून प्रश्नावलीआधी नमुने गोळा करावेत. गटातल्या प्रत्येक विषयशिक्षकाने आपल्या शाखेतली तीन-चार प्रत्यक्ष लेखने आणावीत: एक चांगला अहवाल, एक मध्यम, एक फेटाळलेला, प्रबंधाचे एखादे प्रकरण, आणि त्यांवर गाईडने लिहिलेले शेरे. विद्यार्थ्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि नाव, आसनक्रमांक, गाईडचे नाव झाकूनच प्रती काढाव्यात. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांच्या खऱ्या लेखनाचा बावे नावाचा संग्रह तयार झाला. त्यात सुमारे ६५ लाख शब्द आहेत, आणि त्याच्या अभ्यासातून हिलरी नेसी आणि शीना गार्डनर यांनी विद्यापीठीय लेखनाचे १३ प्रकार-गट मांडले. आपल्या गटाला इतका मोठा संग्रह लागत नाही. पंचवीस-तीस नमुनेही पुरतात, पण ते आपल्याच विद्यार्थ्यांचे असावेत.

हे नमुने एकत्र बसून वाचल्यावर काय घडते, याचे एक काल्पनिक पण शेतीच्या प्रबंधांत नेहमी दिसणारे उदाहरण घेता येईल. सोयाबीनला गंधकाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन एका प्रक्षेत्रावर, एका खरीप हंगामात प्रयोग झाला आहे. हेक्टरी ३० किलो गंधक महाराष्ट्रातल्या सोयाबीनसाठी सर्वोत्तम असल्याचे 'प्रूव्ह' होते, असे विद्यार्थ्याने निष्कर्षात इंग्रजीत लिहिले आहे. इंग्रजीचा अध्यापक आर्टिकल आणि प्रिपोझिशन दुरुस्त करतो आणि वाक्य बरोबर ठरवतो. कृषिविद्येचा प्राध्यापक तेच वाक्य वाचून तीन ठिकाणी थांबतो. एका हंगामावरून काही सिद्ध होत नाही. एका प्रक्षेत्राची माती म्हणजे महाराष्ट्र नव्हे. आणि कोष्टकात २० आणि ३० किलोच्या उत्पादनातला फरक सीडीपेक्षा (क्रिटिकल डिफरन्सपेक्षा) कमी आहे; म्हणजे संख्याशास्त्रदृष्ट्या दोन्ही मात्रा 'ॲट पार' आहेत, त्यामुळे 'सर्वोत्तम' हा शब्दच चुकीचा.

आता उलट बाजू. या प्राध्यापकाला वाक्य चुकले हे नक्की कळते; पण ते भाषेत कसे दुरुस्त करायचे हे विद्यार्थ्याला समजेल असे त्याला सांगता येत नाही. तो "जरा सौम्य लिहा" म्हणतो. 'प्रूव्ह'च्या जागी 'सजेस्ट' किंवा 'इंडिकेट', 'महाराष्ट्र'च्या जागी प्रस्तुत प्रयोगाच्या परिस्थितीपुरते मर्यादित करणारा वाक्यांश, 'बेस्ट'च्या जागी नियंत्रित वाफ्याशी केलेली तुलना, आणि या सगळ्याला हेजिंग म्हणतात, ते इंग्रजीत ठरावीक क्रियापदांनी आणि क्रियाविशेषणांनी साधते: हे इंग्रजीचा अध्यापक सांगतो. भारतीय शेतीप्रबंधांत रुळलेला 'ॲट पार' परदेशी नियतकालिकाच्या वाचकाला खटकू शकतो, हेही त्यालाच सुचते. हेजिंगवरचा तास अभ्यासक्रमात का हवा आणि त्यात काय असावे, हे अशा एका वाक्यावरून ठरते. पुस्तकातली अनुक्रमणिका पाहून ठरवलेल्या तासात 'मे', 'माइट', 'कुड' यांची यादी येते आणि सीडी कुठेच येत नाही.

शब्दसंग्रहाबाबतही असाच निवाडा करावा लागतो. ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट ५७० शब्दकुलांची आहे. ३५ लाख शब्दांच्या संग्रहावरून ती काढलेली असून अकॅडेमिक मजकुराचा सुमारे १० टक्के भाग ती व्यापते. ती प्रशिक्षणात जरूर दाखवावी, पण पाठ करायला देऊ नये. केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की तोच शब्द वेगवेगळ्या विद्याशाखांत वेगळ्या अर्थाने आणि वेगळ्या सोबत्यांसह येतो. तेव्हा शिक्षकांनी या यादीतले शब्द आपल्या शाखेच्या नमुन्यांत शोधावेत, हे काम यादीपेक्षा मोलाचे.

शेवटापासून सुरुवातीकडे

नमुने वाचून झाले की गटाने एकच प्रश्न लिहून काढावा: प्रशिक्षण संपल्यावर शिक्षक आपल्या वर्गात नेमके काय करू शकला पाहिजे? उत्तरात 'माहिती असेल', 'जाणीव होईल' असे शब्द आले तर ते खोडावेत. 'आपल्या महाविद्यालयातल्या एका विषयाचा नमुना घेऊन त्यावर ५० मिनिटांचा पाठ तयार करील, विषयशिक्षकाकडून तपासून घेईल आणि शिकवील' हे उत्तर चालते. 'विद्यार्थ्याच्या एका पानाच्या खर्ड्यावर आशय, मांडणी आणि भाषा यांवरचे शेरे वेगवेगळे लिहील' हेही चालते. अशी चार-पाच उत्तरे पुरेत. त्यांतूनच मूल्यमापनाची कामे ठरतात आणि मग तासांचा नंबर लागतो.

या टप्प्यावर बालीपने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अकॅडेमिक इंग्रजी शिक्षकांच्या क्षमतांचा आराखडा समोर ठेवावा. अकॅडेमिक व्यवहार, विद्यार्थी, अभ्यासक्रम-विकास आणि अध्यापनाची अंमलबजावणी या चार क्षेत्रांत त्याने क्षमता मांडल्या आहेत. तो ब्रिटिश विद्यापीठांसाठी लिहिलेला आहे, म्हणून त्यातून अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलू नये. आपली उत्तरे लिहून झाल्यावर काही राहिले का, हे पडताळायला मात्र तो उत्तम. विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर शिकता येईल असे कसे करायचे, हा मुद्दा आपल्याकडच्या आखणीत जवळजवळ नेहमी सुटतो आणि या आराखड्यात तो ठळकपणे आहे.

तासांची मांडणी करण्यासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये क्लाइव्ह यंग आणि नताशा पेरोविच यांनी विकसित केलेली एबीसी ही पद्धत लहान गटांना फार सोयीची पडते. तिला ९० मिनिटे, एक मोठा कागद आणि सहा रंगांची कार्डे लागतात. डायाना लॉरिलार्ड यांनी सांगितलेल्या शिकण्याच्या सहा प्रकारांवर ही कार्डे बेतलेली आहेत: ग्रहण, शोध, चर्चा, सराव, सहयोग आणि निर्मिती. गटाने आधी अभ्यासक्रम एका छोट्या वाक्यात सांगायचा, मग कागदावर दिवसांच्या रांगा आखून त्यांत कार्डे ठेवायची आणि जिथे तपासणी आहे तिथे तारे चिकटवायचे. कार्डे टेबलावर मांडली की ग्रहणाच्या, म्हणजे नुसते ऐकण्याच्या कार्डांची रांगच्या रांग डोळ्यांपुढे येते. जी टीका माणसाला तोंडावर करता येत नाही ती कागद करतो, आणि ज्येष्ठ सदस्यही आपले व्याख्यानाचे कार्ड स्वतःहून उचलतात. छापील कार्डे नसली तरी रंगीत कागदांचे तुकडे चालतात.

वेळेची चौकट ठरवताना सलग दिवसांचा मोह टाळावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली आणि सलग दोन-तीन आठवड्यांच्या रिफ्रेशर कोर्सची सवय आपल्याकडे तेव्हापासून पडली. राहण्या-खाण्याच्या आणि रजेच्या दृष्टीने ते सोयीचे असते. परंतु शिकलेले वर्गात करून पाहायला मध्ये अवकाश मिळत नाही. दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम असेल तर सुरुवातीला तीन दिवस रोज सहा तास, मग सहा आठवडे आपापल्या महाविद्यालयात प्रत्यक्ष अध्यापन आणि त्या काळात सहा तासांच्या ऑनलाइन बैठका, आणि अखेरीस पुन्हा एक पूर्ण दिवस समोरासमोर, अशी विभागणी जास्त फलदायी ठरते. तिसऱ्या दिवशी सहभागी काही एक तयार केलेला पाठ घेऊन घरी जातो आणि शेवटच्या दिवशी तो शिकवून, मोडून, पुन्हा बांधून आणतो.

एक तास जवळून

शिक्षकांना ज्या रीतीने शिकवायला सांगायचे, त्याच रीतीने त्यांना शिकवावे. टेसा वुडवर्ड यांनी प्रशिक्षणाच्या अशा घडणीला लूप इनपुट हे नाव दिले. शोधनिबंधाच्या प्रस्तावनेवरचा ९० मिनिटांचा तास या दृष्टीने बांधून पाहण्यासारखा आहे.

जॉन स्वेल्स यांनी १९९० च्या 'जानर ॲनालिसिस' या ग्रंथात प्रस्तावनेच्या तीन चाली सांगितल्या: विषयाचे क्षेत्र महत्त्वाचे आहे हे दाखवणे, त्यात कुठे पोकळी आहे हे दाखवणे, आणि प्रस्तुत संशोधन ती पोकळी कशी भरते हे सांगणे. बहुतेक प्रशिक्षणांत हा सिद्धांत एका स्लाइडवर येतो आणि सगळे तो वहीत उतरवून घेतात. त्याऐवजी गटाने दोन शाखांतल्या दोन खऱ्या प्रस्तावना घ्याव्यात, समजा एक स्थापत्य अभियांत्रिकीतली आणि एक अर्थशास्त्रातली. वाक्यावाक्याच्या पट्ट्या कापून त्या मिसळाव्यात. पहिली २५ मिनिटे सहभागी जोडीने पट्ट्या लावतात आणि आपण तसे का लावले हे एकमेकांना सांगतात. मग मूळ मजकूर दिला जातो. त्यानंतरची वीस मिनिटे विषयशिक्षकाची. आपल्या शाखेत कशाला पोकळी म्हणतात, पूर्वीच्या संशोधकाची उणीव किती थेट दाखवलेली चालते, संदर्भांचा गठ्ठा कुठे येतो, हे तो त्याच पट्ट्यांवर बोट ठेवून सांगतो. स्वेल्स यांचे नाव आणि त्यांची तीन कलमे यानंतरच फळ्यावर येतात. तोवर सहभागींनी ती स्वतःच शोधलेली असतात. उरलेल्या वेळात प्रत्येक जण स्वतःच्या महाविद्यालयातल्या एखाद्या शाखेसाठी असाच पाठ आखायला घेतो.

अशा तासाचा मसुदा एकाने लिहावा, दुसऱ्याने वाचावा आणि तिसऱ्याने, शक्यतो विषयशिक्षकाने, तो करून पाहावा. मसुद्यात सूचना शब्दशः लिहिलेल्या असाव्यात, कारण लिहिणाराच तो तास घेईल याची खात्री नसते. पट्ट्यांचा तास नेहमी वेळेत संपत नाही. कुठला भाग गाळायचा हेही मसुद्यातच लिहून ठेवलेले बरे.

मतभेद

गटात तीन ठिकाणी हमखास खटका उडतो. पहिला व्याकरणावरून. विषयशिक्षकांना वाटते व्याकरण झाले की सगळे झाले. इंग्रजीच्या नव्या विचारांच्या अध्यापकांना ते नकोच असते. यावर तोडगा नमुन्यांतच असतो: ज्या चुकीमुळे अर्थ बदलतो किंवा शाखेत हसू होते ती घ्यावी, बाकीच्या सोडाव्यात.

दुसरा मराठीच्या वापरावरून. तास इंग्रजीच्या अध्यापनाचा आहे, म्हणून एक शब्दही मराठी नको, असा हट्ट पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो सोडलाच पाहिजे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचे एवढेच ठाऊक असते. संख्याशास्त्रातला अर्थ त्याला मराठीतून दोन मिनिटांत उलगडतो आणि इंग्रजीतून अर्धा तास लागतो. राज्याच्या भाषा संचालनालयाने अनेक विद्याशाखांचे परिभाषा कोश काढले आहेत. ते अकॅडेमिक इंग्रजीच्या वर्गात शेजारी ठेवता येतात. संकल्पना मराठीत बोलून मग इंग्रजीत लिहिणे, हा एक सराव म्हणून प्रशिक्षणात घ्यावा, चोरून करायची गोष्ट म्हणून नव्हे.

तिसरा खटका वाङ्मयचौर्यावरून उडतो आणि तो सर्वांत नाजूक असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही आता सक्तीचा आहे. परिणामी विद्यार्थी इंग्रजीच्या शिक्षकाकडे एकाच मागणीने येतो: साम्य दहाच्या खाली आणून द्या. शिक्षक शब्दाला प्रतिशब्द घालतो, 'ॲट पार'चे 'इक्वल' होते, आकडा खाली येतो आणि अर्थ बिघडतो. गटातल्या विषयशिक्षकांनी इथे स्पष्ट भूमिका घ्यायला हवी: ठरावीक पारिभाषिक वाक्यांश तसेच राहणार, आणि दुसऱ्याचा विचार घ्यायचा तर मजकूर मिटून, समजून, आपल्या वाक्यरचनेत लिहून संदर्भ द्यायचा. प्रशिक्षणातला पॅराफ्रेजिंगचा तास इंग्रजीच्या शिक्षकाने एकट्याने घेऊ नये. एआयच्या साधनांबद्दलही गटाने आपली भूमिका लिहून ठेवावी. ही साधने वाक्ये गुळगुळीत करतात, पण ३० किलो गंधकाबद्दलचा दावा चुकीचा असेल तर तोही गुळगुळीतच राहतो. म्हणून त्यांनी दिलेला मजकूर विषयाच्या कोष्टकाशी ताडून पाहण्याचा सराव शिक्षकांकडून करून घ्यावा.

तपासणी आणि दुसरी तुकडी

शेवटच्या दिवशी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत या कामाला पुरत नाही. बालीपची शिक्षकांना मान्यता देण्याची योजना पोर्टफोलिओवर चालते, आणि तोच मार्ग इथेही योग्य. पोर्टफोलिओत मोजकेच असावे: तयार केलेला पाठ आणि शिकवल्यानंतरची त्याची सुधारित आवृत्ती, विद्यार्थ्यांच्या तीन खर्ड्यांवर लिहिलेले शेरे, विषयशिक्षकाशी झालेल्या एका बैठकीची नोंद, आणि वर्गात काय चालले नाही याबद्दल एक पान. तपासताना भाषेचा आणि विषयाचा असे दोन परीक्षक असावेत. त्यांचे गुण फार वेगळे आले तर सरासरी काढू नये. दोघांनी बसून कारण शोधावे, कारण पुढच्या तुकडीसाठी निकष सुधारण्याचा मजकूर तिथेच मिळतो.

अभिप्रायाच्या छापील अर्जावर सगळे 'उत्कृष्ट'वर खूण करतात. त्यापेक्षा तीन-चार महिन्यांनी सहभागींना एकच प्रश्न विचारावा: या सत्रात कोणता पाठ पुन्हा घेतला? ज्या तासाचे काहीच वर्गात उतरले नाही, तो दुसऱ्या तुकडीत बदलावा किंवा काढावा. हा निर्णयही पूर्ण गटाने घ्यायचा आणि कारणासह नोंदवायचा.

साहित्याच्या मालकीचा प्रश्न पहिल्याच महिन्यात मिटवून ठेवावा. एकत्र लिहिलेले पाठ एका सदस्याच्या नावाने पुस्तकात आले की गट तुटतो. सर्व लेखकांची नावे प्रत्येक पाठावर असावीत, पाठ कुणालाही वापरता येतील पण बदल केल्यास ते दर्शवावे लागतील, अशा अटीवर ते खुले ठेवावेत. विद्यार्थ्यांच्या नमुन्यांना मात्र ही मोकळीक नाही. त्यांची परवानगी ज्या कामापुरती घेतली तेवढ्यापुरतेच ते वापरावेत. गटातले एक-दोन सदस्य दरवर्षी बदलावेत आणि त्यांच्या जागी आधीच्या तुकडीतले सहभागी यावेत. नवा विषयशिक्षक नव्या शाखेचा असेल तर नमुन्यांचा संग्रह आपोआप वाढतो. यंदा कृषी आणि स्थापत्य असेल, तर पुढच्या वर्षी औषधनिर्माण आणि वाणिज्य घेता येईल. पट्ट्या, शेरे आणि निष्कर्षाची वाक्ये त्या शाखांतली नव्याने गोळा करावी लागतात. तासांचा सांगाडा मात्र बराचसा तसाच ठेवता येतो.